लिस्बनचं बग्ग्यांचं संग्रहालय : गाडी आधी मागून बघा

आमच्याकडे लिस्बनला येणारे पाहुणे बेलें भागातलं बग्ग्यांचं संग्रहालय अर्ध्या तासात उरकून बाहेर येतात आणि बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, "छान आहे. नुसतं सोनंच सोनं!" मग मी विचारते, दोन समुद्रांनी हात मिळवलेत ते पाहिलंत का? नाही. टेबलाची गाडी? तीही नाही. बंदुकीच्या गोळ्यांची भोकं? "अगंबाई, ती कुठे होती?"

चूक त्यांची नसते. देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहायचं असतं तसे आपण बग्गीपुढे उभे राहतो, समोरून फोटो काढतो आणि पुढच्या बग्गीकडे जातो. या गाड्यांचा खरा मजकूर मात्र पाठीमागे आणि पोटाखाली आहे. पहिल्या खेपेला मीही हेच केलं होतं, तेही सोमवारी बंद दार बघून परत आल्यानंतर. म्हणून आता पाहुण्यांना ज्या क्रमाने पाठवते, तोच क्रम इथे लिहिते आहे.

1. दिवस ठरवा

सोमवारी संग्रहालय बंद असतं. जवळचा जेरोनिमुश मठही सोमवारी बंद असतो, त्यामुळे "निदान मठ तरी बघू" हा पर्यायही हातात राहत नाही. बेलेंसाठी सोमवार सोडून कुठलाही वार घ्या. याशिवाय 1 जानेवारी, ईस्टरचा रविवार, 1 मे, 13 जून आणि 25 डिसेंबर या दिवशीही दारं बंद असतात. यातला 13 जून आपल्याकडच्यांच्या हमखास लक्षात येत नाही. तो संत अँटनीचा दिवस, लिस्बन शहराची स्वतःची सुट्टी. मे-जूनच्या सुट्टीत येणारे नेमके त्यात सापडतात.

वेळ सकाळी 10 ते संध्याकाळी 6. शेवटचा अर्धा तास आत सोडत नाहीत. मठाचं वेळ ठरलेलं तिकीट काढलं असेल तर आधी मठ, मग जेवण, मग बग्ग्या. तिकीट नसेल तर उलट करा. मठापुढची रांग सकाळी सगळ्यात लांब असते. बग्ग्यांकडे तशी रांग मी क्वचितच पाहिली आहे.

घोडे बघायची हौस असेल तर महिन्याचा तिसरा रविवार धरा. शेजारीच पोर्तुगालच्या राष्ट्राध्यक्षांचा बेलें राजवाडा आहे आणि त्या दिवशी सकाळी 11 ला तिथे पहारा बदलण्याचा सोहळा असतो, घोडेस्वार आणि घोड्यावरच्या बँडसकट. आधी जिवंत घोडा बघितला की आतल्या गाड्यांचा आकार डोक्यात नीट बसतो, कारण संग्रहालयात गाड्या आहेत, घोडे नाहीत.

*तपासा :* संकेतस्थळावर त्या दिवसाची सूचना आणि तिकिटाचा दर निघण्याच्या आदल्या रात्री बघा. तुम्ही पोर्तुगालमध्ये राहत असाल, तर रहिवाशांना वर्षातले 52 दिवस राष्ट्रीय संग्रहालयांत मोफत प्रवेश आहे. ओळखपत्र बरोबर ठेवा. आपले बरेच गोवेकर इथे राहतात आणि पाहुण्यांबरोबर स्वतःचंही तिकीट काढून मोकळे होतात.

2. दोन इमारतींचा घोळ आधीच सोडवा

संग्रहालय एक आहे, इमारती दोन. सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात.

नवी इमारत म्हणजे खांबांवर उचलून धरलेला मोठा पांढरा ठोकळा. ब्राझीलचे वास्तुरचनाकार पाउलो मेंडिस दा रोशा यांनी रचलेली, 2015 साली उघडलेली. बहुतेक गाड्या, आणि ज्यांच्यासाठी आपण जातो त्या सगळ्या, इथे आहेत.

जुनी इमारत रस्त्यापलीकडे, राजवाड्याला लागून आहे. ही राजघराण्याची घोडे फिरवायची शाळा, म्हणजे छपराखालचं रिंगण. अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं. राणी अमेलियाने 1905 साली संग्रहालय सुरू केलं ते इथे. आता इथे थोड्याच गाड्या आहेत, पण दालन बघण्यासारखं आहे.

जुन्या पुस्तकातले किंवा कुणाच्या तरी जुन्या अल्बममधले रंगीत छताचे फोटो बघून लोक थेट जुन्या इमारतीत शिरतात, मोजक्या गाड्या बघतात आणि "एवढंच?" म्हणून परततात. उलटही होतं : नवी इमारत बघून दमतात आणि ते छत राहूनच जातं.

*सावधान :* तिकीट घेताना ते एका इमारतीचं आहे की दोन्हींचं, हे खिडकीवरच विचारा. जुनी इमारत त्या दिवशी उघडी आहे ना, हेही तिथेच विचारून टाका. आधी नवी, मग जुनी; हा क्रम मोडू नका. का, ते शेवटच्या टप्प्यात येईल.

3. घरीच सहा शब्द शिकून घ्या

गाडीजवळच्या पाट्यांवर पोर्तुगीज आणि इंग्रजी असतं. पण पाटी वाचत बसलं की गाडी बघायची राहते. त्यापेक्षा हे सहा शब्द ओळखीचे करून जा.

कोश : जुन्या घडणीची मोठी बंद राजगाडी. पोर्तुगीजमध्ये याचं अनेकवचन कानाला जवळजवळ "कोशिश" असं लागतं, त्यामुळे आमच्याकडे या जागेचं नावच "कोशिश म्युझियम" पडलं आहे.

बेर्लिंदा : सतराव्या शतकात बर्लिनकडून आलेली नवी घडण. बाहेरून कोशसारखीच दिसते. फरक पोटाखाली आहे, तो पाचव्या टप्प्यात.

सेज : दोन चाकांची हलकी गाडी. मुंबई-पुण्याच्या टांग्याची लांबची बहीण म्हणा.

लितेइरा : चाकंच नाहीत. आपला मेणा, पण भोयांच्या खांद्यावर नाही, पुढे एक आणि मागे एक अशा दोन खेचरांच्या मध्ये टांगलेला.

कादेइरिन्या : एका माणसाची खुर्चीची पेटी, दोन माणसांनी दांड्यांना धरून उचलायची.

लँडो : जिचं छत मधोमध उघडून निम्मं पुढे आणि निम्मं मागे पडतं अशी चारचाकी.

बरोबर न्यायचं सामान फार नाही. मोबाइलचा फ्लॅश घरूनच बंद करून निघा. गाड्यांची रंगवलेली लाकडं आणि मखमल प्रकाशाने खराब होतात, म्हणून फ्लॅश चालत नाही, आणि आत गेल्यावर तो बंद करायला प्रत्येकजण विसरतो. लांबचं जवळ दाखवणारी छोटी दुर्बीण असेल तर घ्या. गाडीच्या आत डोकावता येत नाही. आतलं छत आणि गाद्या बाहेरूनच बघाव्या लागतात.

4. ट्रामने जा, आणि एका कोपऱ्यावर लक्ष ठेवा

लिस्बनच्या काइश दु सोद्रे स्टेशनवरून काश्काइशकडे जाणारी लोकल बेलेंला थांबते आणि स्टेशनपासून संग्रहालय अगदी चालत आहे. वेळ वाचवायचा असेल तर हीच घ्या. पण त्या मार्गावरच्या काही जलद गाड्या बेलेंला थांबत नाहीत. फलाटावरच्या पाटीवर बेलेंचं नाव दिसल्याशिवाय चढू नका. नाहीतर समोरून जाणारं संग्रहालय खिडकीतून बघाल.

माझं मत मात्र 15 नंबरच्या ट्रामच्या बाजूने आहे, आणि तेही प्रासा दु कोमेर्सियु या नदीकाठच्या मोठ्या चौकातून. या चौकाला लिस्बनकर अजूनही तेरैरु दु पासु, म्हणजे राजवाड्याचं अंगण म्हणतात. 1 फेब्रुवारी 1908 रोजी राजा कार्लुश, राणी अमेलिया आणि थोरला मुलगा विला विसोझाहून परतले, बोटीने नदी ओलांडून इथे उतरले आणि आधीच लिस्बनला आलेल्या धाकट्या मुलासह उघड्या लँडोत बसले. गाडी चौकाच्या पश्चिमेच्या कोपऱ्याशी, आर्सेनाल रस्त्याला वळत असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. राजा आणि थोरला राजपुत्र लुईश फिलिप गेले. ती लँडो आज तुम्हाला बघायची आहे.

ट्रामही त्याच आर्सेनाल रस्त्यात वळते. खिडकीजवळची जागा मिळाली तर कोपरा नीट दिसतो. हे वळण आणि त्याची अरुंद जागा डोळ्यांत ठेवा.

*सावधान :* ही ट्राम पाकीटमारांसाठी प्रसिद्ध आहे. दारात उभं राहू नका, मोबाइल मागच्या खिशात ठेवू नका आणि पर्स पोटाशी घ्या. दादर स्टेशनवर जसं सहज करता, तसंच.

5. पहिल्या गाडीशी दहा मिनिटं थांबा

वर पोचलात की लांबच लांब दालन समोर येतं आणि दुरूनच सोनेरी गाड्या चमकायला लागतात. पाय आपोआप तिकडे ओढले जातात. जाऊ नका.

आधी फिलिप दुसऱ्याची गाडी शोधा. स्पेनचा तिसरा फिलिप हाच पोर्तुगालचा दुसरा फिलिप. 1619 मध्ये तो माद्रिदहून लिस्बनला आला तेव्हाची ही गाडी. संग्रहातली सगळ्यात जुनी. बाहेरून काळपट कातडं, काही म्हणता काही नाही. आत लाल आणि सोनेरी. लोक तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

गेल्या वर्षी कोल्हापूरहून काका आले होते. आजोबांचा टांगा होता; काकांनी लहानपणी चाकांना वंगण घातलेलं. सोनेरी गाड्यांचं त्यांना काही सोयरसुतक नव्हतं. ते या काळ्या गाडीपाशी गेले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि बराच वेळ खाली बघत राहिले. रखवालदार बाई जवळ आल्या. मी घाबरून म्हटलं, "काका, हात नका लावू हं." काका म्हणाले, "हात कशाला लावतोय? आगं, हिला कमानीच न्हाईत!"

कमानी म्हणजे गाडीखालच्या स्प्रिंगा. खरंच नाहीत. गाडीची पेटी चार खांबांना जाड कातडी वाद्यांनी टांगलेली आहे. "नुसत्या वाद्यांवर लोंबतीया," काका म्हणाले, "दगडावरनं गेली की आतला राजा पाळण्यातल्या पोरागत हिंदकळणार." माझ्या आजवरच्या कुठल्याही पाहुण्याने इतकं अचूक वर्णन केलं नव्हतं.

तर पहिल्या गाडीशी काकांसारखं वाकायचं, अर्थात दोरीच्या किंवा कठड्याच्या अलीकडून. या क्रमाने बघा.

पहिलं, पेटी कशावर टेकली आहे? टांगलेली आहे, की कशावर तरी विसावली आहे?

दुसरं, खालून जाणारा मोठा दांडा, म्हणजे पुढचा आणि मागचा कणा जोडणारा वासा, एक आहे की दोन? कोशला मधोमध एकच असतो. बेर्लिंदाला दोन समांतर असतात आणि पेटी त्यांच्यामधल्या पट्ट्यांवर बसते. एक वासा मोडला तर गाडी आडवी होते, दोन असले की सहसा वाचते. बेर्लिंदा कमी उलटायची आणि कमी डुलायची ती यामुळे.

तिसरं, पुढची चाकं मागच्यांपेक्षा किती लहान आहेत? ती लहान असल्याशिवाय वळताना पेटीखाली शिरू शकत नाहीत.

चौथं, चाकावरची लोखंडी धाव. ती अखंड गोल आहे की तुकडे खिळ्यांनी ठोकलेत, आणि ती किती झिजली आहे, ते बघा. काही गाड्या इतक्या चालल्या आहेत की धाव बघूनच कळतं. काही मिरवणुकीपलीकडे फारशा गेल्याच नाहीत.

*तपासा :* पुढच्या गाडीकडे जाण्याआधी पाटी न वाचता ओळखा, ही कोश की बेर्लिंदा? तीन गाड्यांत दोनदा बरोबर आलं की पुढे सरका. मुलं बरोबर असतील तर हा खेळ त्यांना लावून द्या. दालनभर ती तुमच्या पुढे पळतील.

6. रोमच्या तीन गाड्या : आधी पाठ, मग तोंड

आता त्या सोनेरी गाड्यांकडे जायला हरकत नाही. राजा जुआंव पाचवा याने 1716 मध्ये पोप अकराव्या क्लेमेंटकडे वकिलात पाठवली. रोममधल्या मिरवणुकीसाठी तिथेच घडवलेल्या गाड्यांपैकी तीन इथे आहेत : समुद्रांची गाडी, लिस्बनच्या राज्याभिषेकाची गाडी आणि वकिलाची, म्हणजे राजदूताची, गाडी. एवढा पैसा आला कुठून, तर ब्राझीलच्या सोन्यातून.

सोनं म्हणून आठवलं. या गाड्या "सोन्याच्या" नाहीत. कोरलेलं लाकूड, त्यावर सोन्याचा वर्ख. हे कळलं नाही तर माणूस वजनाच्या गप्पा मारत बसतो आणि कोरीवकाम बघायचं राहतं.

पायऱ्या अशा :

अ) तिन्ही गाड्यांच्या समोरून न थांबता निघा आणि थेट पाठीमागे जा. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या समोरून गाडी क्षणात निघून जाते, पण पाठ बराच वेळ दिसत राहते. मागून येणाऱ्या गाडीतल्या माणसाला तर पाठच दिसते. म्हणून राजाला जे सांगायचं होतं ते कारागिरांनी पाठीवर कोरलं.

आ) समुद्रांच्या गाडीपासून सुरुवात करा. मध्ये सूर्यदेव अपोलो. नजर खाली आणा. दोन दाढीवाले म्हातारे एकमेकांचा हात धरून आहेत. एक अटलांटिक महासागर, दुसरा हिंदी महासागर. केप ऑफ गुड होपला वळसा घालून पोर्तुगीज जहाजं एका समुद्रातून दुसऱ्यात गेली, ती गोष्ट अशी हस्तांदोलनात सांगितली आहे. त्यातला एक म्हातारा म्हणजे मालवण-मुरगावच्या किनाऱ्यावर येऊन आदळतो तो समुद्र. रोमच्या रस्त्यांवरून त्याला सोन्याचा वर्ख लावून मिरवला होता.

फोटो इथे काढा. पण थेट मागून नाही, थोडं तिरकं उभं राहून. सरळ मागून घेतला तर दोन्ही हात एकमेकांत मिसळून नुसता सोनेरी गोळा दिसतो.

इ) मग लिस्बनच्या राज्याभिषेकाची गाडी. लिस्बन नगरी स्त्रीरूपात बसलेली आणि तिला मुकुट घातला जातो आहे. सगळे तो मुकुट बघतात. तुम्ही पायाशी बघा. साखळदंडांनी जखडलेली दोन माणसं आहेत, एक आफ्रिका आणि एक आशिया. मधल्या पंखवाल्या ड्रॅगनला चुकून सजावट समजू नका, ते ब्रागांसा राजघराण्याचं चिन्ह आहे.

माझ्याबरोबर आलेले मडगावचे एक गृहस्थ इथे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शेजारच्या गाडीवर हात मिळवतात आणि इथे बेड्या." शेजारी-शेजारी उभ्या या दोन पाठी, एकाच राजाने एकाच मिरवणुकीत पाठवलेल्या. म्हणून आ आणि इ याच क्रमाने बघायला सांगते. उलट बघितल्या तर हस्तांदोलन नुसतं गोड वाटतं.

ई) वकिलाची गाडी शेवटी. विषय तोच, समुद्रप्रवास आणि जिंकलेले मुलूख. इथे दोन-तीन मिनिटं पुरेत. तोवर डोळे सोन्याने थकलेले असतात.

उ) आता समोरून बघा. हौसेने फोटो काढा.

*सावधान :* गाड्यांपाशी काच नाही म्हणून हात पुढे जातो. वर्ख बोटाच्या घामाने उडतो. लहान मुलाला कडेवर घेऊन वाकू नका; त्याचा हात तुमच्याआधी पोचतो.

7. टेबलाची गाडी, आणि बाकीच्या झटपट

1729 च्या जानेवारीत पोर्तुगाल आणि स्पेन यांनी काया नदीवर, सरहद्दीवर, राजकन्यांची अदलाबदल केली. पोर्तुगालची मारिया बार्बारा स्पेनला गेली आणि स्पेनची मारियाना व्हितोरिया इकडे सून म्हणून आली. आपल्याकडच्या साट्यालोट्यासारखंच, फक्त लवाजमा मोठा. टेबलाची गाडी या प्रसंगाशी जोडलेली आहे. नावाप्रमाणे आत मधोमध टेबल आहे. बाहेरून मात्र ती इतर गाड्यांसारखीच, म्हणून लोक न बघता पुढे जातात. दाराच्या खिडकीच्या उंचीवर डोळे आणा आणि आत बघा. दुर्बिणीचा उपयोग इथे.

यानंतर दुसऱ्या दालनात गाड्यांची गर्दी आहे. सगळ्या बघायचा अट्टहास केला तर लँडोपर्यंत पोचताना पाय बोलायला लागतात. मी एवढंच बघायला सांगते :

चष्म्याची सेज. काळ्या कातड्याच्या पडद्याला दोन गोल काचा, बरोबर डोळ्यांसारख्या. पाऊस असला तरी आतल्याला बाहेरचं दिसावं म्हणून. मुलं हिला "भुताची गाडी" म्हणतात आणि त्यांचं बरोबर आहे.

लितेइरा आणि कादेइरिन्या. इथे दांडे नीट बघा : पुढे आणि मागे दोन्हीकडे आहेत. पोर्तुगीज काळातल्या गोव्यात पालखीसारख्या वाहनाला मचीला म्हणत, ती मात्र माणसांच्या खांद्यावर असे. घरी कुणी आजी असतील तर त्यांना मेण्याच्या गोष्टी विचारायला हा चांगला धागा आहे.

मुलांच्या गाड्या. राजपुत्रांसाठी केलेल्या, मोठ्या गाडीची हुबेहूब लहान नक्कल. पाच मिनिटं.

बाकी गाड्यांवरून चालत जाताना फक्त एक गोष्ट बघत चला : वाद्या केव्हा संपतात आणि पोलादी कमानी केव्हा येतात. इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या कमानी पेटीच्या चारी कोपऱ्यांना दिसायला लागल्या की समजा, तुम्ही पुढच्या काळात आलात. गाडी हलकी होते, खाली येते, सोनं उडून जातं आणि काळा, गडद निळा असे रंग येतात. काका इथे पहिल्यांदा हसले. "आता आली आपल्या घरची गाडी," म्हणाले.

8. लँडोपाशी बोलणं थांबवा

लँडो साधी आहे. सोनं नाही, मूर्ती नाहीत. म्हणूनच घाईत सुटते. पाटी वाचून खात्री करून घ्या की ही तीच, कारण आसपास तशाच दिसणाऱ्या इतर चारचाकीही आहेत.

छत दोन्हीकडे पाडलं की आतल्या माणसाला कमरेच्या वर कसलाही आडोसा उरत नाही, हे आधी बघा. मग आर्सेनाल रस्त्याचं ते वळण आठवा. वळताना गाडी हळू होते. हे दोन्ही जुळवलं की काय झालं असेल ते वेगळं सांगावं लागत नाही. त्यानंतर गाडीच्या अंगावर गोळ्यांची भोकं शोधा. ती लहान आहेत आणि गडद रंगात पटकन दिसत नाहीत. प्रकाश तिरका पडेल असं उभं राहा.

राणी अमेलिया याच गाडीत होती. हातात फुलांचा गुच्छ होता, आणि तोच उगारून ती हल्लेखोराच्या अंगावर धावून गेली. धाकट्या मानुएलच्या हाताला गोळी लागली. तो राजा झाला, पण 1910 च्या ऑक्टोबरात राजेशाहीच गेली.

*सावधान :* इथे हसतमुख सेल्फी काढू नका. कुणी अडवत नाही, पण शेजारी उभे असलेले लिस्बनकर बघत असतात.

9. जुनी इमारत शेवटी

आता रस्ता ओलांडा. नव्या इमारतीत किमान दोन तास गेले असतील. इथे अर्धा तास पुरे. आधी जुनी इमारत बघितली असती तर राणी अमेलिया हे पाटीवरचं एक नाव राहिलं असतं. तिने 1905 साली या रिंगणात सासरच्या गाड्या गोळा करून मांडल्या आणि तीनच वर्षांनी, तशाच एका गाडीत, तिच्या डोळ्यांदेखत नवरा आणि मुलगा गेले. लँडो बघून या दालनात आलं की हे दालन वेगळं दिसतं.

मधोमध उभे राहून मान वर करा. छतावरची चित्रं दालनाच्या मध्यातूनच सरळ दिसतात, कडेने वाकडी होतात. मग सज्ज्याकडे बघा. राजघराणं तिथून खाली चाललेली घोडदौड बघायचं. सज्जा उघडा असेल तर जरूर चढा. गाड्यांची छतं वरून बघायला मिळतात आणि समोरून न दिसणारी टपावरची नक्षी दिसते.

बाहेर पडलात की समोर चौक आहे, मध्ये उंच खांब, खांबावर एक माणूस. बहुतेक पाहुणे त्याला वास्को द गामा समजून फोटो काढतात. तो आफोंसु द आल्बुकेर्क, ज्याने 1510 मध्ये गोवा घेतला. त्याचा एक पुतळा पणजीतही होता. तो आता जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. वास्को हवा असेल तर जेरोनिमुश मठात जा, तिथे त्याची कबर आहे.

भूक लागली असेल तर 1837 पासून चालू असलेलं पाश्तेइश द बेलेंचं, म्हणजे इथल्या प्रसिद्ध छोट्या गोड टार्टचं, दुकान चालत काही मिनिटांवर आहे. बाहेरची रांग घरी न्यायचं सामान घेणाऱ्यांची असते. आत बसायला बरीच दालनं आहेत, तिथे टेबल लवकर मिळतं. रांगेला वळसा घालून सरळ आत शिरा. आणि शुद्ध शाकाहारी पाहुण्यांना पहिला घास घेण्याआधी सांगा की आतला तो पिवळा, मऊ भाग अंड्याच्या बलकाचा आहे. मी एकदा सांगायला विसरले. आत्याने तीन खाल्ले आणि चौथा उचलताना विचारलं, "यात रवा असतो का गं?"